नेहमीसारखी

राही पडली तेव्हा कल्याणी रोपवाटिकेच्या शेडमध्ये पिशव्यांत माती भरून घेत होती. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, आणि सहा वर्षांच्या पोरीला घरी एकटं ठेवण्यापेक्षा कामावर सोबत न्यावं असं दोघींनी ठरवलं होतं. म्हणजे कल्याणीने ठरवलं होतं आणि राहीने हरकत घेतली नव्हती. त्या दोघींमध्ये बहुतेक गोष्टी अशाच ठरायच्या.

पाण्याच्या टाकीभोवती दगडी कट्टा होता, मोठ्या माणसाच्या उंचीचा. त्यावर मांजराचं पिल्लू चढलं आणि त्याच्यामागे राही चढली. पिल्लू उतरलं. राहीचा पाय शेवाळावरून सटकला. कल्याणीने आवाज ऐकला तो नारळ फुटल्यासारखा, आणि धावत पोचली तर राही कट्ट्याखाली कुशीवर पडलेली, डोळे मिटलेले. कल्याणीने हाक मारली. दुसरी हाक मारेपर्यंत डोळे उघडले. मग पोरीने भोकाड पसरलं आणि उचलायला आलेल्या हातांना ओरबाडलं, तेव्हा कुठे कल्याणीचा श्वास परत आला. उजव्या कानाच्या वर केसांत टेंगूळ येत होतं.

रोपवाटिकेच्या गाडीतून दवाखान्यात जाताना कल्याणीने दोन फोन केले. एक संग्रामला, म्हणजे नवऱ्याला. तो रत्नागिरीच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीच्या कामाला होता. महिन्यातले निम्मे दिवस तो पाण्यावरच असायचा आणि वर चक्कीच्या डोक्यात चढला की फोन लागायचा नाही. तसाच आत्ताही लागला नाही. दुसरा फोन वंदनाकाकूंना.

वंदनाकाकू म्हणजे राहीच्या आईची आई. अर्पिता, त्यांची एकुलती एक लेक, राही तीन वर्षांची असताना आजाराने गेली. त्यानंतर पोरीला त्यांनीच सांभाळलं. दीड वर्षापूर्वी संग्रामने कल्याणीशी लग्न केलं तेव्हा त्यांनी विरोध केला नाही, उलट स्वतः येऊन राहीचे कपडे, औषधं, लाडकी चादर असं सगळं हाती दिलं. पण रोज संध्याकाळी त्या यायच्या आणि राहीला विचारायच्या, आज काय जेवलीस, केस कुणी विंचरले. कल्याणी समोर बसलेली असली तरी प्रश्न राहीलाच असायचा.

राहीने लग्नाच्या आठवड्यातच मामला स्वच्छ करून टाकला होता. ती म्हणाली होती, "तुला मी मावशी म्हणीन. आई मला आहे." मग भिंतीवरचा फोटो दाखवला होता. कल्याणीने मान डोलावली होती. त्यात काही चुकीचं नव्हतं. तरी कधीतरी शाळेच्या फाटकापाशी उभी असताना इतर पोरं धावत येऊन ती एकच हाक मारायची, तेव्हा कल्याणी उगाच फोन काढून बघत बसायची.

वाघेरीच्या ग्रामीण रुग्णालयात डॉ. झरीन मुजावर होत्या. घाटमाथ्यावरच्या साऱ्या वाड्यांची पोरं त्यांच्याच हाताखालून जायची. त्यांनी राहीला तपासलं. बुबुळांवर उजेड टाकून पाहिला, हातपाय हलवायला लावले, टेंगळाच्या कडेने अलगद बोटं फिरवली. हाड खचलेलं लागत नव्हतं. मग त्यांनी सिस्टरला टोपडं आणायला सांगितलं.

त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी पहिल्याच महिन्यात त्याचं टोपडं करून टाकलं. तान्ह्या बाळाला बांधतात तसंच ते दिसायचं, राखाडी, आतून मऊ.

मुलाच्या डोक्याला मार लागला की डॉक्टरपुढे एक जुना पेच उभा राहतो. पडणाऱ्या मुलांतल्या बहुतेकांना टेंगळाखेरीज काहीच झालेलं नसतं. एखाद्याच्याच कवटीत रक्त साचत असतं, आणि सुरुवातीला ते मूलही इतरांसारखंच खेळत-रडत असतं. सगळ्यांचा सीटी स्कॅन करावा, तर क्ष-किरण वाढत्या मेंदूतून जातात. पुढे कैक वर्षांनी त्यांतल्या अगदी थोड्यांना त्यापायी कर्करोग होऊ शकतो, आणि तो कुणाला होणार हे आधी कुणी सांगू शकत नाही. शिवाय लहान मूल स्थिर पडून राहत नाही, त्याला कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं. कुणाचाच स्कॅन करू नये, तर ते एखादं मूल हातचं जातं. पूर्वी डॉक्टर काही ठरावीक खुणा बघून निर्णय घ्यायचे, आणि मनात शंका राहिली की बहुधा स्कॅनला पाठवून मोकळे व्हायचे.

टोपड्याने हा पेच बराच सोडवला. त्याच्या अस्तरात बारीक दिवे आणि तितकेच बारीक डोळे शिवलेले होते. दिव्यांतून न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश निघायचा. मुलांची कवटी पातळ, त्यामुळे तो थोडा आत उतरून परत यायचा. रक्त हा प्रकाश गिळतं. डोक्याच्या एका बाजूने जितका प्रकाश परत आला तितका दुसऱ्या बाजूने आला नाही, तर तिथे जास्तीचं रक्त आहे असं समजायचं. या मापाला यंत्र इतर गोष्टी जोडायचं. किती उंचावरून पडलं, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, वगैरे. आणि देशभरातल्या लाखो पडलेल्या मुलांच्या अनुभवावरून तीनपैकी एक रंग दाखवायचं. हिरवा म्हणजे स्कॅन नको, नुसती नजर ठेवा. पिवळा म्हणजे स्कॅन करून घ्या. तांबडा म्हणजे आत्ताच्या आत्ता. घाटाखाली साताऱ्याला स्कॅनची वेळ आणि रुग्णवाहिका त्या रंगावरच मिळायची.

यंत्राचा शेवटचा प्रश्न फार जुना होता. यंत्रं नव्हती तेव्हाही डॉक्टर तो विचारायचेच. मूल नेहमीसारखं वागतंय का?

या प्रश्नाबाबत यंत्राने एक गोष्ट आपली आपणच शिकून घेतली होती. उत्तर कोण देतं, त्यावर ते किती खरं निघतं हे ठरतं. आईचं उत्तर बहुतेक वेळा खरं निघायचं. वडलांचं आणि आजी-आजोबांचंही. शेजारी, शिक्षक, वाटेत सापडलं म्हणून उचलून आणणारा माणूस, यांच्या उत्तरात फारसा दम नसायचा. म्हणून यंत्र आधी नातं विचारायचं आणि उत्तराला तेवढंच वजन द्यायचं.

सिस्टरने नातं विचारलं. कल्याणी म्हणाली, आई. सिस्टरने तसं भरलं, पण राहीच्या जन्मनोंदीत आईचं नाव वेगळं होतं, म्हणून यंत्राने ते घेतलं नाही. सिस्टर ओशाळली. खाली आणखी तीनच पर्याय होते, वडील, आजी-आजोबा आणि इतर. तिने कल्याणीकडे न बघता 'इतर' निवडलं.

मग तिने विचारलं, पोरगी नेहमीसारखी वागतेय का. राही त्या वेळी डोक्यावरचं टोपडं ओढून काढायच्या खटपटीत होती आणि कल्याणीच्या हाताला चिमटे घेत होती. कल्याणीने खरं ते सांगितलं. हो, नेहमीसारखी आहे.

रंग हिरवा आला.

तेवढ्यात वंदनाकाकू पोचल्या. वाटेत रडल्या असाव्यात, पण आत आल्या त्या ताठ. त्यांनी नातीला पाहिलं, टेंगूळ पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं की स्कॅन करायचा, काय लागेल ते करू, पण करायचाच. एक लेक गेली आहे, आता हे लेकरू कुणाच्या भरवशावर सोडणार नाही. कुणाच्या, हे त्या बोलल्या नाहीत. कल्याणीलाही ते विचारायची गरज पडली नाही.

डॉ. झरीननी त्यांना बसवलं आणि शांतपणे समजावलं. स्कॅन म्हणजे नुसता फोटो नव्हे. गरज नसताना या वयाच्या मेंदूतून किरण घालवू नयेत. या टोपड्यामुळे दोन पावसाळ्यांत घाटावरची कितीतरी पोरं विनाकारण खाली जाण्यापासून वाचली, आणि अजून एकही हुकलेलं नाही. आपण तिला इथेच ठेवू, थोड्या थोड्या वेळाने टोपडं घालू, सगळे मिळून लक्ष ठेवू. काही बदललं तर आपण इथे आहोतच. काकूंना ते पटलं की नाही कळलं नाही, पण त्या खाटेच्या उशाशी बसल्या. कल्याणी पायथ्याशी बसली.

पहिला वेळ बरा गेला. राही पाणी प्यायली, तिने पिल्लाची चौकशी केली, कल्याणीने आणलेलं बिस्कीट 'हे नको, दुसरं' म्हणून परत केलं. दुसऱ्यांदा टोपडं घातलं तेव्हाही तिने तसाच दंगा केला. रंग हिरवाच.

ऊन कलायला लागलं तशी राही गप्प झाली. डोकं दुखतंय म्हणाली. डॉक्टरांनी येऊन पुन्हा बुबुळं पाहिली, हातपाय पाहिले. सगळं ठीक होतं. टेंगूळ आहे, दुखणारच, म्हणाल्या. काकू नातीच्या कपाळावर हात फिरवत राहिल्या. मग राहीने मान वळवून पायथ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आई," ती म्हणाली. "आई, मला जवळ घे ना."

कल्याणी जागची हलली नाही. तिला वाटलं आपण भलतंच ऐकलं. राहीने पुन्हा तेच म्हटलं, तिच्याकडेच बघत. मग कल्याणी उठली, खाटेवर बसली आणि पोरीला कुशीत घेतलं. राहीने तिच्या खांद्यावर गाल टेकला आणि तशीच पडून राहिली, ऊन ऊन, मऊ, सगळं अंग सैल सोडून.

काकूंनी पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कल्याणीच्या पाठीवर हात ठेवला. सिस्टरचेही डोळे भरून आले होते. डॉ. झरीन दारातून हसल्या आणि म्हणाल्या की लेकरं घाबरली की मनातलं ओठावर येतं. टोपड्याची वेळ झालीच होती. यावेळी राहीने मुकाट घालून घेतलं. सिस्टरने बाकीचे प्रश्न भरले. बोलणं स्पष्ट आहे? आहे. माणसं ओळखते? आईला ओळखलं. सहकार्य करते? करते. रंग हिरवा होताच, तो आणखी गडद हिरवा झाला.

कल्याणीला त्या क्षणी काय वाटलं ते तिने पुढे एकदाच, संग्रामला सांगितलं. वाटलं की हे असंच राहू दे. कुणी काही विचारू नये, मीही काही विचार करू नये. ती काही वेळ तशीच बसून राहिली, पोरीच्या केसांचा वास घेत. पण बसल्या बसल्या तिच्या आतून काहीतरी वर यायला लागलं, आणि ते सुख नव्हतं.

राहीला दुखलं की ती जवळ येत नसे. सायकलवरून पडली तेव्हा पलंगाखाली जाऊन बसली होती, आणि ओढून काढताना कल्याणीच्या मनगटाला चावली होती. दाढ दुखत होती तेव्हा दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. ताप आला की भिंतीकडे तोंड करून झोपायची, अंगावर हात ठेवलेला खपायचा नाही. दुखलेली राही म्हणजे चिडलेली राही. दीड वर्षात कल्याणीने तिला जवळ घ्यायचे जे जे प्रयत्न केले होते, त्यांतला प्रत्येक फसलेला प्रयत्न तिला आठवत होता. आणि आता हीच पोर कुशीत लोण्याच्या गोळ्यासारखी पडली होती.

तिने हलकेच विचारलं, "राही, मी कोण?"

"आई."

"आणि मावशी कुठंय?"

राहीने थोडा विचार केला. "कुठली मावशी?" तिने विचारलं आणि डोळे मिटून घेतले.

कल्याणीने तिला उशीवर निजवलं आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. म्हणाली, ती नेहमीसारखी नाही. मघाशी होती, आता नाही. मला स्कॅन हवाय.

डॉ. झरीननी लगेच येऊन पाहिलं. हाक मारली की राही डोळे उघडत होती, नाव सांगत होती, बोटं मोजत होती. तपासात काही सापडेना. सिस्टरने उत्तर बदलून पाहिलं, नेहमीसारखी नाही, असं भरलं. रंग हिरवाच राहिला. 'इतर' माणसाच्या एका शब्दाने तो हलण्यासारखा नव्हता.

काकूंनी हे सगळं ऐकलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज खालीच होता.

"मघाशी मी स्कॅन करा म्हणत होते तेव्हा तू गप्प होतीस. आता पोर तुला आई म्हणाली, तर तिचं डोकं बिघडलं म्हणतेस? एवढं जड जातंय तुला ते?"

कल्याणी म्हणाली, "काकू, त्या हाकेसाठी मी दीड वर्ष कान लावून बसलेय. ती खरी असती तर मी एवढं बोलले असते का?"

डॉक्टर दोघींकडे बघत होत्या. त्यांना स्वतःच्या अधिकारात यंत्राविरुद्ध लिहिता येत होतं. तसं त्यांनी यापूर्वी दोनदा लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा स्कॅन स्वच्छ निघाला होता. त्या दोन्ही पोरांना त्यांनीच गरज नसताना किरणांखाली घातलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. एका बाजूला गडद हिरवा रंग आणि त्यांची स्वतःची तपासणी, आणि दुसऱ्या बाजूला एका बाईची शंका, एवढाच हा मामला होता. पण ती शंका कसली होती, हे त्यांना नीट कळलं होतं. स्वतःला हवी ती गोष्ट हातात पडल्यावर ती परत करणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही.

त्या काकूंकडे वळल्या आणि म्हणाल्या की मी माझ्या अधिकारात लिहिणारच आहे. पण त्याआधी तुम्ही सांगा. तुम्ही तिला जन्मापासून पाहिलंय. मला काय बरं वाटेल ते नको, खरं सांगा. अशा वेळी राही अशीच वागते का?

काकू खाटेपाशी गेल्या. राहीचे डोळे मिटलेले होते. त्यांनी तिच्या टेंगळाच्या दुसऱ्या बाजूने, कानामागे हात घातला. एरवी तिथे हात लावला की पोर झटका द्यायची. आता नुसती कण्हली. काकूंनी हात काढून घेतला.

"हिच्या आईचंही असंच होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "दुखलं की मांजरीसारखी अंगावर यायची. शेवटच्या आजारातसुद्धा." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "ही आमची राही नाही. कल्याणी म्हणतेय ते खरंय."

सिस्टरने आजीच्या नावाने उत्तर भरलं. रंग पिवळा झाला.

रुग्णवाहिका दवाखान्याच्या आवारातच होती. डॉ. झरीन स्वतः सोबत बसल्या. घाटात विजेवरची ती गाडी आवाज न करता वळणं घेत होती, आणि त्या शांततेत राहीचा श्वास ऐकू येत होता. निम्म्या घाटात ती हाकेला ओ देईनाशी झाली, चिमटा काढला तरच डोळे उघडायची. डॉक्टरांनी उजव्या बुबुळावर उजेड टाकला, पुन्हा टाकला आणि चालकाला वेग वाढवायला सांगून खाली फोन लावला. शस्त्रक्रियेची तयारी ठेवा, म्हणाल्या. काकूंनी राहीचे पाय धरले होते. कल्याणीने काकूंचा दंड धरला होता. ते दोघींच्याही लक्षात नव्हतं.

स्कॅन व्हायला फार वेळ लागला नाही. उजव्या कानाच्या वर, हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये, मसुराच्या दाण्याच्या आकाराचा पांढरा डाग दिसत होता. आकार मसुराचा, पण माप मोठं. पडताना हाडाला केसाएवढी चीर गेली होती आणि तिथली एक रक्तवाहिनी झिरपत होती. अशा मारात पोर आधी शुद्धीवर येतं, बोलतं, खातं, आणि मग हळूहळू बुडत जातं. टोपड्याला ते का दिसलं नाही, तेही सर्जनने पुढे समजावलं. बाहेरच्या टेंगळात साचलेलं रक्त यंत्र हिशेबातून वजा करतं, नाहीतर प्रत्येक टेंगूळवाल्या पोराला पिवळा रंग आला असता. त्या वजाबाकीत खालचा पातळ थरही गेला. तो थर पुढे जाड होत गेला, पण त्याबरोबर टेंगूळही वाढत होतं.

सर्जन, एक तरुण बाई, सहीसाठी बाहेर आली आणि तिने आई कोण म्हणून विचारलं. काकूंनी बोट दाखवलं ते कल्याणीकडे.

ऑपरेशनला जेवढा वेळ लागेल असं सांगितलं होतं त्याहून कमीच लागला. रक्त काढलं, वाहिनी बंद केली, मेंदूला कुठे इजा झाली नव्हती. सर्जन म्हणाली, अगदी वेळेत आणलंत. आणखी उशीर झाला असता तर हे मी एवढ्या सहज सांगू शकले नसते. डॉ. झरीन भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या.

संग्राम कंपनीच्या बोटीने किनाऱ्याला येऊन तिथून गाडीने थेट पोचला. तोवर पोर धोक्याबाहेर होती. त्याने काचेतून लेकीला पाहिलं, मग बायकोला, मग सासूला. कुणाला काय विचारावं हे त्याला कळेना. काकूंनीच त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, स्वतः काय बोलल्या तेसुद्धा न वगळता.

सकाळी राही जागी झाली. डोक्याला पट्टी, हातात सलाईन. खोलीत त्या वेळी कल्याणी होती. राहीने छताकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, भुवया आवळल्या. कल्याणीने तिच्या गालाला हात लावला, तर तिने मान झटकून दुसरीकडे केली.

"मावशी, हे काढ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि बाबाला बोलव. आणि माझं पिल्लू कुठंय?"

कल्याणीने पिल्लू रोपवाटिकेत मजेत असल्याचं सांगितलं, सलाईन इतक्यात निघणार नसल्याचं सांगितलं, त्यावर राहीने तिला चिमटा घ्यायचा प्रयत्न केला आणि तो बऱ्यापैकी जमला. मग कल्याणी बाहेर पॅसेजमध्ये आली आणि खुर्चीवर बसून रडली. संग्राम घाबरून धावला. ती हातानेच सांगत होती की सगळं ठीक आहे, आत जा, ती तुला बोलावतेय. हातावरचा चिमट्याचा लाल ठसा ती अंगठ्याने चोळत होती आणि रडता रडता हसत होती.

काकू शेजारी येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, वाईट नाही ना वाटलं, परत मावशी म्हणाली म्हणून. कल्याणीने खरं सांगितलं. थोडं वाटलं. पण काल त्या हाकेनंतर जशी भीती वाटली होती, तशी आज वाटली नाही. मावशी म्हणाली, म्हणजे ती शाबूत आहे. बाकीचं पुढचं पुढे. काकू म्हणाल्या, पुढचं पुढे. मग त्यांनी डबा उघडला आणि पोळीचा पहिला घास कल्याणीच्या हातात दिला.

राही वॉर्डात असतानाच डॉ. झरीननी टोपडं बनवणाऱ्या मंडळींना सगळी हकीकत कळवली. त्यांच्यातले दोघं पडद्यावरून बोलायला आले. भले लोक होते, बचाव करत बसले नाहीत. त्यांनी कल्याणीलाही बोलावून घेतलं. आता यादीत 'सावत्र आई' असा पर्याय टाकतो आहोत, म्हणाले. कल्याणी म्हणाली, तो टाकू नका. नातं विचारूच नका. सांभाळणारी कुणीही असेल, आत्या असेल, शेजारीण असेल. तिला एवढंच विचारा, की दुखलं-खुपलं की हे मूल एरवी काय करतं. जिला ते सांगता येईल, तिचं पुढचं उत्तर खरं धरा. जिला सांगता येणार नाही, ती सख्खी असली तरी तिचं धरू नका. पलीकडच्या दोघांतल्या एकाने विचारलं, हे असंच्या असं घेतलं तर चालेल का. डॉ. झरीननी सांगितलं की घ्या, आणि लवकर घ्या, करवंदाचा हंगाम आहे, घाटावरची पोरं रोज कुठून ना कुठून पडताहेत.

राहीला घरी सोडलं त्या दिवशी संग्रामने मित्राची गाडी आणली. पुढे तो, मागे तिघी, राही मधे. घाट चढायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या वळणाला राहीने काही न सांगता उलटी केली, बरीचशी आजीच्या साडीवर.

संग्रामने गाडी जागच्या जागी थांबवली. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, उलटी झाली तर लगेच कळवा. काकूंनी कल्याणीकडे पाहिलं, संग्रामनेही आरशातून तिच्याकडेच पाहिलं. कल्याणीने राहीची हनुवटी धरून तोंड वर केलं. राहीने तिचा हात झिडकारला आणि बाबाला गाडी चालवता येत नाही, तो मुद्दाम वाकडी चालवतो, असं ठणकावून सांगितलं. मग म्हणाली, आजीने बळेबळे तो दुसरा वडा खायला घातला, मी नको म्हणत होते.

तरी कल्याणीने डॉ. झरीनना फोन लावला. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि घाई करू नका, थोडं थांबा, बघा, म्हणाल्या. म्हणून ते थांबले. वळणाच्या पुढेच एका बाईने ताडपत्रीखाली चहा मांडला होता. काकूंनी साडी धुऊन घेतली. राहीने लिंबूपाणी मागितलं, एक प्यायली, दुसऱ्यासाठी भांडली, मग दरीच्या कठड्याकडे पळायला लागली आणि तिघांनी एकदमच तिला पकडलं.

पुन्हा गाडीत बसले तेव्हा ऊन उतरलं होतं. राही खिडकीशी बसायचं म्हणून हटून बसली, त्यामुळे कल्याणी मधे आली. रुग्णालयातल्या इतक्या दिवसांत तिला सलग झोप अशी लागलीच नव्हती. एका वळणावर तिचं डोकं कललं ते काकूंच्या खांद्यावर, आणि तिथेच राहिलं. साडीचा तो पदर अजून ओला होता. संग्रामने आरशात पाहून विचारलं, उठवू का तिला, तुमचा खांदा अवघडेल.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच त्याला गाडी हळू घ्यायला सांगितलं.